तीन गोळ्या इकडं, दोन तिकडं

पत्र:

सर, मी परभणी जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. वार्षिक गोळीबार सरावाला गेल्या वर्षी आणि यंदा मला कोतातून (शस्त्रं ठेवायच्या खोलीतून) तीच एसएलआर रायफल मिळाली. १०० मीटरवर लायिंग पोझिशनमधून पाच राऊंड मारले. तीन टारगेटच्या डाव्या अंगाला जवळजवळ बसले आणि दोन तिथून वीतभर उजवीकडं. दुसऱ्या पाचांतही तीच तऱ्हा, फक्त त्यातला एक खूप खाली गेला. बरोबरचे म्हणतात, बाईमाणसाला एसएलआर झेपत नाही, धक्क्याला भिते. एक जण म्हणाला, डोळे तपासून घे. उस्ताद (गोळीबार शिकवणारे) म्हणाले, फोरसाईट (नळीवरची पुढची निशाणी) फिरवून देतो. रायफल हलवली की कुठंतरी खुळखुळतं. खांदा निळा पडतो हेही खरं. फोरसाईट फिरवून घेऊ का? टारगेटची नक्कल वहीच्या पानावर काढून सोबत पाठवत आहे.

– एक महिला पोलीस, परभणी जिल्हा

उत्तर:

ताई, आधी फोरसाईटचं सांगून टाकतो, कारण पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर कुणीतरी चावी घेऊन तयार बसलं असेल. फिरवू देऊ नका. एसएलआरची फोरसाईट आट्यावर वरखाली होते. ती खाली घेतली की मार वर जातो, वर काढली की मार खाली येतो. डावं-उजवं तिच्यात नाहीच. ते बॅकसाईटच्या, म्हणजे मागच्या निशाणीच्या, दोन बाजूंच्या स्क्रूंवर असतं. तुमचं दुखणं आडवं आहे आणि औषध उभं सुचवलंय. शिवाय साईटला हात लावायचा तो ग्रुप (गोळ्यांचा ढीग) घट्ट पडतोय पण चुकीच्या जागी पडतोय तेव्हा. तुमचा ग्रुप अजून एक झालेलाच नाही. दोन ढीग पडलेत. त्यांच्या मधोमध एमपीआय (सगळ्या भोकांचा सरासरी मध्य) काढून साईट सरकवली, तर दोन्ही ढीग तेवढेच सरकतील आणि अंतर तसंच राहील.

तुम्ही नक्कल पाठवली हे फार बरं केलंत. लोक "रायफल मारत नाही" एवढं एक वाक्य लिहितात आणि माझ्याकडून इलाजाची अपेक्षा करतात. फुकट गेलेल्या गोळ्या कुठं गेल्या हे कळल्याशिवाय मी काय सांगणार? तुमच्या पानावर सगळं उत्तर आहे. नजर कमजोर असेल तर पाचही गोळ्या चोहीकडं विखुरतात. हात थरथरत असेल तरी तसंच. श्वास धरताना गडबड होत असेल तर भोकं उभ्या रांगेत पडतात. पण तीन एका जागी आणि दोन दुसऱ्या जागी, आणि पुढच्या पाचांतही तेच दोन अड्डे, हे माणसाचं काम नाही. माणूस चुकला तर दर वेळी वेगळा चुकतो. दोन ठरलेल्या जागा याचा अर्थ रायफलमधली एखादी वस्तू दोन ठिकाणी बसते आहे. धक्क्यानं इकडून तिकडं जाते आणि कधी कधी परत येते.

आता ती वस्तू किती हलत असेल याचा हिशोब करू. एसएलआरच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ५५३ मिलिमीटर आहे. बॅकसाईट एक मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर मार सुमारे १८ सेंटिमीटर सरकतो. तुमची वीत म्हणजे २२-२३ सेंटिमीटर धरली, तर आपल्याला सव्वा मिलिमीटरचा खेळ शोधायचा आहे. एवढा खेळ डोळ्याला दिसतो आणि बोटाला तर नक्कीच लागतो. वर तुम्ही स्वतःच लिहिलंय की खुळखुळतं. कोतातल्या लोकांच्या कानाला तो आवाज इतका सवयीचा होतो की तो ऐकूच येत नाही.

कुठं शोधायचं ते कळण्यासाठी ही रायफल कशी बांधलीय ते डोळ्यांपुढं आणा. साफसफाईला आपण ती मधून मोडतो. बॉडीचा कॅच दाबला की बटासकट (खांद्याला लावायच्या दांड्यासकट) खालचा भाग पिनवर खाली उतरतो. फोरसाईट बॅरलवरच्या गॅस ब्लॉकवर आहे, म्हणजे वरच्या अर्ध्यात. बॅकसाईट मात्र खालच्या अर्ध्यात, बटाच्या तोंडाशी. निशाणा धरायच्या दोन खुणा दोन वेगळ्या तुकड्यांवर, आणि ते तुकडे एकत्र धरणार काय, तर पुढं एक पिन आणि मागं एक कॅच. बेल्जियमच्या मूळ बनावटीपासून हे असंच आहे. ब्रिटिशांनी ती १९५४ मध्ये घेतली, मग आपल्याकडं ईशापूरला १ए१ म्हणून बनली, सैन्यानं नव्वदच्या दशकात इन्सास रायफल घेतली आणि एसएलआर पोलिसांकडं राहिल्या. रायफल दणकट आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आयुष्यभर ती किती वेळा मोडली-मिटली असेल त्याचा विचार करा. बिजागरी जुनी झाली की दार चौकटीत बसतं, कडी लागते, तरी ढकललं तर हलतं. तेच इथं होतं. पिन झिजते, कॅचची धार गोल होते आणि धक्क्यागणिक खालचा भाग, पर्यायानं बॅकसाईट, कधी या कडेला तर कधी त्या कडेला टेकते.

आता कोतात जाऊन करायचं काम. कोत हवालदारांसमोरच करा, एकटीनं नको. मॅगझीन काढा, कॉक करून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यानं पाहा, बोट घालून पाहा, मग पुढं. रायफल पूर्ण बंद करून एक हात हँडगार्डवर आणि दुसरा बटाच्या मानेवर ठेवा आणि पिळा, ओला टॉवेल पिळतो तेवढ्याच जोरानं. सांध्यावर लक्ष ठेवा. मधली फट उघडझाप करत असेल तर मुद्देमाल सापडला. सांधा गप्प असेल तर बॅकसाईट उभी करा आणि अंगठ्यानं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं ढकला. तिचं पान थोडं हललं तर लगेच घाबरू नका, बऱ्याच एसएलआरमध्ये किंचित ढिलाई असतेच. पण टक् असा आवाज करून ती दोन टोकांना जात असेल, तर बाजूच्या दोन स्क्रूंपैकी एक बहुधा मोकळा आहे. कुणीतरी कधीतरी झीरोइंग (साईट जुळवणं) करताना एक सैल केला आणि दुसरा आवळायचा विसरला, हे मी नोकरीत फार पाहिलंय. शेवटी फोरसाईट चिमटीत धरून हलवा आणि पुढचा फ्लॅश हायडर फिरवून बघा. खुळखुळ बहुतेक यातल्याच एका ठिकाणाहून येते. मात्र हँडगार्डही खुळखुळतात, आणि हँडगार्डच्या आवाजानं निशाणा वीतभर जात नाही. आवाज कुठला ते कळल्याशिवाय निकाल देऊ नका.

संशय बॅकसाईटवर आला आणि खात्री हवी असेल, तर रेंजवर अधिकाऱ्यांची परवानगी काढून पाच राऊंडचा एक साधा प्रयोग करा. दर राऊंडआधी बोट ट्रिगरबाहेर ठेवून बॅकसाईट अंगठ्यानं डावीकडं दाबून टेकवा आणि मग शिस्त (नेम) घ्या. पाचही वेळा डावीकडंच. पाचही गोळ्या एका ढिगात पडल्या तर वाद संपला. तो ढीग टारगेटच्या कुठल्या कोपऱ्यात पडतो याला महत्त्व नाही, तो एक आहे एवढंच बघायचं. नीट रायफल वाळूच्या पोत्यावर ठेवून मारली, तर साध्या बॉल राऊंडनी १०० मीटरवर चार इंचांच्या आसपासचा ग्रुप निघायला हवा. एसएलआरकडून त्याहून फार बारीक अपेक्षा धरू नका, ती स्पर्धेची रायफल नव्हे.

पिळून, ढकलून काहीच हललं नाही तर? मग बॅरलच्या तोंडाकडं या. आपल्याकडं रायफली गोळीबारानं कमी आणि सफाईनं जास्त खराब होतात, असं माझं मत आहे, आणि ते ऐकून कोतातली मंडळी माझ्यावर रुसतात. फुलत्रू (नळी साफ करायची चिंदी लावलेली दोरी) चेंबरकडून सोडायचा आणि तोंडाकडून सरळ रेषेत ओढायचा असतो. घाईत माणूस तो तिरका ओढतो, रोज त्याच बाजूला, कारण उभं राहायची जागा तीच. दोरी तोंडाच्या कडेवर घासते, वर्षानुवर्षं घासते, आणि तिथं एक बारीक खोबण पडते. गोळी बाहेर पडताना मागचा गॅस आधी त्या खोबणीतून निसटतो आणि गोळीला शेवटच्या क्षणी ढुसणी बसते. बॅटरीच्या उजेडात तोंडाची कडा बघा, सगळीकडं सारखी दिसली पाहिजे. फ्लॅश हायडर वाकडा बसला असेल आणि गोळी त्याला निसटती लागत असेल तर आतल्या बाजूला शिशाचा किंवा तांब्याचा चकचकीत ओरखडा दिसतो. यातलं काहीही सापडलं तर ते आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, काम आहे, कानस घेऊन कुणी बसू नये. चेंबर आणि लॉकिंग शोल्डरचं माप तर गेजशिवाय कळतच नाही. तो भाग सोडून द्या.

आता तुमच्या वाट्याचं. तो खूप खाली गेलेला एक राऊंड रायफलच्या माथी मारता येणार नाही, ताई. तो तुमचा आहे. खांदा निळा पडतोय म्हणजे बट खांद्याच्या खोबणीत न बसता हाडावर किंवा दंडाच्या वरच्या भागावर बसतोय. दोन-चार दणके बसले की शरीर शहाणं होतं आणि पुढचा दणका यायच्या आधीच खांदा पुढं ढकलतं, डोळे मिटतं, ट्रिगर झटकतं. नळी खाली जाते. यात बाईमाणूस-गडीमाणूस काही नाही. साडेनऊ ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगानं निघते, तिचा धक्का सगळ्यांनाच बसतो. सहा फुटी जवानांना डोळे घट्ट मिटून फायर करताना मी पाहिलंय. फरक इतकाच की त्यांना कुणी झेपत नाही असं म्हणत नाही.

याची परीक्षा डमी राऊंडनी (न उडणाऱ्या खोट्या गोळ्यांनी) होते. रेंजवरच्या उस्तादांना सांगा की मॅगझीन त्यांनी भरावी, मध्येच एखादा डमी घालून, तुम्हाला न दाखवता. डमी आला की खट् होतं आणि धक्का येत नाही. तेव्हा नळी खाली डुचकली तर ती तुमच्याच हातानं. नळी जागची हलली नाही तर तुम्ही निर्दोष. पहिल्या वेळी सगळ्यांचीच डुचकते, लाजू नका. घरी रायफल नेता येत नाही, पण लाइनीत ड्राय प्रॅक्टिसला कुणी नाही म्हणणार नाही. रिकामी रायफल, बॅरलवर पुढं रुपयाचं नाणं, आणि नाणं न पाडता ट्रिगर. हा व्यायाम जुना आहे आणि कंटाळवाणा आहे, पण उपयोग होतो.

धक्का कमी करायच्या दोन गोष्टी रायफलमध्येच आहेत, आणि त्या कुणी सांगत नाही. एक गॅस रेग्युलेटर. तो गरजेपेक्षा जास्त बंद असला की पिस्टनला जादा गॅस मिळतो, ब्रीच ब्लॉक (आत मागंपुढं सरकणारा तुकडा) जोरानं मागं आदळतो आणि रायफल लाथ मारल्यासारखी वागते. मारलेल्या गोळीचे रिकामे खोके फार लांब उडत असतील तर तीच खूण. गॅसनं गोळीचा नेम थेट बदलत नाही, पण मारणाऱ्याचा बदलतो. सेटिंग कोतातून बघून घ्या, अंदाजानं फिरवू नका, कारण जास्त उघडला तर रायफल अडकायला लागते. दुसरी गोष्ट बटाची लांबी. ब्रिटिशांच्या एसएलआरला आखूड-लांब असे वेगवेगळे बट मिळायचे. तुमची उंची पत्रात नाही, पण शिस्त घेताना मान पुढं ताणावी लागत असेल आणि गाल बटावर दर वेळी वेगळ्या जागी टेकत असेल, तर आखूड बटाची रायफल कोतात आहे का ते विचारा. गाल जागा बदलतो तशी नजरही अपर्चरमागं (बॅकसाईटच्या भोकामागं) जागा बदलते.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. सरावाच्या आदल्या रात्री कोतात सगळ्या रायफलींना सढळ हातानं तेल देतात, इन्स्पेक्शनला चमकाव्यात म्हणून. ते तेल बॅरलमध्ये राहिलं की पहिला राऊंड बाकीच्यांपासून वेगळा जातो. चेंबरमध्ये राहिलं तर खोका भिंतीला धरत नाही आणि मागच्या भागावर जादा जोर येतो. म्हणून फायरआधी कोरडी चिंदी ओढून बॅरल आणि चेंबर सुकं करा. तेल फायर झाल्यावर. पहिल्या पाचातला पहिला राऊंड कुठं पडला ते मार्करला विचारून लिहून ठेवलंत, तर हाही संशय फिटेल.

वारा, ऊन, दारूगोळा यांना दोष द्यायची पद्धत आहे, पण १०० मीटरवर त्यांचा वाटा थोडा. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा गोळीला दोन-अडीच सेंटिमीटर ढकलेल, वीतभर नाही. वेगवेगळ्या लॉटचे राऊंड मिसळले तर थोडा फरक पडतो, खोक्याच्या बुडावरचं साल बघून एकाच सालाचे निवडून घ्या म्हणजे तेवढीच एक शंका कमी. परभणीच्या दुपारी मात्र एक गोष्ट जपा. फोरसाईटच्या टोकाचा काळेपणा उडालेला असेल तर एका बाजूनं ऊन पडल्यावर तीच बाजू चकाकते, आणि डोळा त्या चकाकीलाच टोक समजतो. विचारून दिव्याची काजळी धरा, टोक पुन्हा काळं होतं. शक्य असेल तर सकाळच्या बॅचमध्ये नाव घाला.

राहता राहिलं ते हवालदारांशी बोलणं, आणि खरं अवघड तेच आहे. "तुमची रायफल खराब आहे" असं म्हणून कोतात शिरलात तर पुढच्या वर्षीही तीच रायफल हाती येईल. टारगेटची नक्कल घेऊन जा, दोन ढीग दाखवा आणि "हवालदार साहेब, हे असं का पडत असेल?" एवढंच विचारा. जुना माणूस असेल तर बघताक्षणी ओळखेल आणि स्वतःच रायफल पिळून बघेल. नाहीच दाद लागली तर बट नंबर (रायफलचा क्रमांक), दोन्ही वर्षांच्या तारखा आणि ढिगांमधलं अंतर लिहून अर्ज राखीव पोलीस निरीक्षकांकडं द्या. त्या नंबरच्या हिस्टरी शीटवर नोंद व्हावी अशी विनंती त्यात करा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. नोंद झाली की आर्मोररच्या पुढच्या फेरीत ती रायफल बाजूला काढावी लागते. तोवर दुसऱ्या बट नंबरवर पाच राऊंड मारून बघायची संधी मागा. तिथं एक ढीग पडला तर डोळ्यांचा आणि झेपण्याचा विषय तुमच्या सोबत्यांसमोरच मिटेल.

दुरुस्ती झाली म्हणजे झीरो पुन्हा घ्यावाच लागेल. पिन बदलली, कॅच बदलला, स्क्रू आवळला, काहीही केलं तरी जुनी सेटिंग आता कामाची नाही. झीरोइंगचे राऊंड उस्तादांनी किंवा आर्मोररनी मारून दिले तर तो त्यांच्या डोळ्याचा, त्यांच्या गालाचा झीरो होईल. ते राऊंड तुम्हीच मारा. आणि तेव्हा मार वरखाली जातोय असं दिसलं, तर मग खुशाल फोरसाईट फिरवून घ्या.